ख्रिस्ती माणसाने शब्बाथ पाळावा का, आणि कसा?

खून, चोरी, व्यभिचार आणि खोटी साक्ष यांविरुद्धच्या बायबलमधल्या आज्ञा सगळ्या ख्रिस्ती मंडळी जशाच्या तशा मानतात. त्याच दहा आज्ञांतली शब्बाथाची आज्ञा मात्र बहुतेक मंडळी अक्षरशः पाळत नाहीत. आठवड्याचा सातवा दिवस, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या सूर्यास्तापर्यंतचा काळ, कामधंदा बंद ठेवून देवासाठी राखावा, असे ही आज्ञा सांगते. जगातले बहुसंख्य ख्रिस्ती शनिवारी आपापल्या कामाला जातात आणि उपासनेसाठी रविवारी जमतात. उपासना आटोपल्यावर दुपारी कुणी दुकान उघडले, तर त्यात आज्ञाभंग झाला असे काहींना वाटते, अनेकांना वाटत नाही.

यातून तीन प्रश्न उभे राहतात. ही आज्ञा ख्रिस्ती माणसाला लागू आहे का? असेल तर कोणत्या वारी? आणि पाळायची म्हणजे नेमके काय करायचे? दोन हजार वर्षांत या प्रश्नांवर धर्मपरिषदा झाल्या, राजाज्ञा निघाल्या, मंडळ्या फुटल्या आणि न्यायालयात दावेही चालले. मतभेदांचे मूळ बहुधा एकाच ठिकाणी सापडते. शब्बाथ सृष्टीच्या आरंभापासूनचा मानायचा की सीनाय पर्वतावर इस्राएल लोकांशी झालेल्या करारातला, यावर पुढची बहुतेक उत्तरे ठरतात.

एक आज्ञा, दोन कारणे

दहा आज्ञा बायबलमध्ये दोनदा येतात आणि शब्बाथाचे कारण दोन्ही ठिकाणी वेगळे दिलेले आहे. निर्गमाच्या २०व्या अध्यायात कारण सृष्टीचे आहे. देवाने सहा दिवसांत आकाश, पृथ्वी आणि समुद्र निर्माण केले आणि सातव्या दिवशी विसावा घेतला, म्हणून माणसानेही घ्यावा. अनुवादाच्या ५व्या अध्यायात कारण गुलामीचे आहे. इस्राएल लोक मिसर देशात दास होते, तिथून देवाने त्यांना सोडवले, म्हणून त्यांनी हा दिवस पाळावा.

दोन्ही ठिकाणी विसावा मिळणाऱ्यांची यादी जवळपास सारखी आहे: मुलगा, मुलगी, दास, दासी, गुरेढोरे आणि वेशीच्या आत राहणारा परका. अनुवादात बैल आणि गाढव यांचा नावानिशी उल्लेख आहे आणि आपल्यासारखाच आपल्या दासदासींनाही विसावा मिळावा, हा हेतू तिथे स्पष्ट सांगितला आहे. म्हणजे आज्ञा घरधन्याला उद्देशून आहे. ज्याच्या शब्दावर दुसऱ्यांना राबावे लागते, त्याने स्वतः थांबायचे आणि त्यांनाही थांबू द्यायचे.

सीनायच्या आधीही शब्बाथाचा एक प्रसंग आहे. मिसरमधून निघालेल्या इस्राएल लोकांसाठी अरण्यात रोज पहाटे मान्ना हे अन्न पडत असे आणि तो त्या दिवसापुरताच गोळा करायचा असे. दुसऱ्या दिवसासाठी ठेवला तर त्यात किडे पडत आणि दुर्गंधी सुटे. सहाव्या दिवशी मात्र दुप्पट गोळा करायची मुभा होती आणि तो सातव्या दिवशीही चांगला राही. शब्बाथ सीनायपेक्षा जुना आहे असे म्हणणारे या प्रसंगाकडे बोट दाखवतात. विरुद्ध पक्ष निर्गमाच्या ३१व्या अध्यायाचा आधार घेतो. शब्बाथ ही देव आणि इस्राएल यांच्यातली खूण आहे, असे तिथे म्हटले आहे. त्याखेरीज अब्राहाम, इसहाक किंवा याकोब यांनी शब्बाथ पाळल्याची नोंद उत्पत्तीच्या पुस्तकात कुठेही नाही, हा त्या पक्षाचा दुसरा मुद्दा.

काम कशाला म्हणायचे, याचे तपशील जुन्या करारात थोडेच आहेत. चूल पेटवू नये, नांगरणी आणि कापणीच्या हंगामातही थांबावे, ओझी वाहू नयेत, खरेदी-विक्री करू नये. लाकडे गोळा करणाऱ्या एका माणसाला दगडमार झाल्याची हकीकत गणनेच्या पुस्तकात आहे. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात यहुदाचा प्रांताधिकारी नहेम्या याने शब्बाथाच्या आदल्या संध्याकाळी यरुशलेमच्या वेशी बंद करण्याचा हुकूम दिला. माल घेऊन आलेले व्यापारी तटाबाहेर मुक्काम ठोकू लागले, तेव्हा पुन्हा दिसलात तर पकडीन, अशी तंबीही त्याने दिली. पुढे यहुदी शास्त्र्यांनी कामाची व्याख्या बारकाईने बांधली. इसवी सन २००च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्नात निषिद्ध कामांचे ३९ प्रकार दिले आहेत. जीव धोक्यात असेल तर शब्बाथ मोडावा, हेही त्याच परंपरेने मान्य केले. इसवी सनापूर्वी १६७च्या सुमारास शब्बाथाला शस्त्र न उचलणाऱ्या यहुद्यांची कत्तल झाली. त्यानंतर स्वसंरक्षणासाठी लढायला हरकत नाही, असा निर्णय यहुदी बंडाच्या मक्काबी पुढाऱ्यांनी घेतला.

येशूने काय केले

येशू शब्बाथ पाळणारा यहुदी होता. नासरेथच्या सभास्थानात तो शब्बाथाला आपल्या रिवाजाप्रमाणे गेला आणि वाचायला उभा राहिला, असे लूक लिहितो. तरीही परूशी या नियमनिष्ठ यहुदी पंथाचे लोक आणि शास्त्री यांच्याशी त्याचे सर्वांत जास्त खटके याच दिवसावरून उडाले. शिष्यांनी शेतातून जाताना कणसे मोडून खाल्ली, यावर आक्षेप आला. वाळलेल्या हाताचा माणूस, ३८ वर्षे आजारी असलेला बेथेस्दा तळ्याकाठचा माणूस आणि जन्मांध तरुण, अशा अनेकांना त्याने शब्बाथाला बरे केले.

यांपैकी एकही रोगी मरणाच्या दारात नव्हता. सूर्यास्तापर्यंत थांबले असते तर वाद झालाच नसता. लूकच्या १३व्या अध्यायात सभास्थानाचा अधिकारी नेमके हेच म्हणतो. १८ वर्षे कमरेत वाकलेल्या, सरळ उभे राहता न येणाऱ्या एका बाईवर येशू हात ठेवतो आणि ती ताठ उभी राहते. अधिकारी येशूशी न बोलता जमलेल्या लोकांना सुनावतो, की कामाला सहा दिवस आहेत, बरे व्हायचे तर त्या दिवसांत या. येशूचे उत्तर गोठ्यातून येते. तुम्ही शब्बाथाला बैल-गाढव दाव्यातून सोडून पाण्यावर नेता, मग १८ वर्षे बांधून पडलेल्या या अब्राहामाच्या लेकीला आजच सोडवायला काय हरकत? सोडवणूक हे अनुवादातले कारण इथे पुन्हा पुढे येते.

शब्बाथ माणसासाठी झाला, माणूस शब्बाथासाठी नव्हे, आणि मनुष्याचा पुत्र शब्बाथाचाही धनी आहे, ही येशूची भूमिका मार्कने नोंदवली आहे. तिचा अर्थ मात्र दोन तऱ्हांनी लावला जातो. येशूने दिवसावर साचलेले नियम झाडून मूळ शब्बाथ मोकळा केला, असे एक पक्ष म्हणतो. धनी म्हणून त्याने शब्बाथ आपल्यात पूर्ण केला, त्यामुळे जुने बंधन संपले, असे दुसरा पक्ष म्हणतो.

शनिवारकडून रविवारकडे

चारही शुभवर्तमानांनुसार येशूची कबर रिकामी आढळली ती शब्बाथ उलटल्यावर, आठवड्याच्या पहिल्या दिवशी. नव्या करारात या दिवसाचे आणखी काही उल्लेख येतात. करिंथ इथल्या विश्वासणाऱ्यांनी पहिल्या दिवशी मदतीसाठी पैसे बाजूला काढून ठेवावेत, असे प्रेषित पौल लिहितो. प्रकटीकरणाचा लेखक प्रभूच्या दिवशी झालेल्या दर्शनाविषयी सांगतो. प्रेषितांच्या कृत्यांत त्रोवस गावची एक बैठक येते. पहिल्या दिवशी भाकरी मोडायला लोक माडीवर जमले, पुष्कळ दिवे लागले होते आणि पौलाचे बोलणे मध्यरात्रीपर्यंत लांबले. खिडकीत बसलेला युतुख नावाचा तरुण पेंगुळला आणि तिसऱ्या मजल्यावरून खाली कोसळला. तो जगला. बैठक रात्रीची होती, यावरून तो दिवस सुट्टीचा नसावा, असा तर्क अनेक अभ्यासक करतात.

त्याच पुस्तकात पौल गावोगावी शब्बाथाला सभास्थानात जाऊन उपदेश करताना दिसतो. शनिवार मानणारे या नोंदींना महत्त्व देतात. पौल यहुद्यांना गाठायला तिथे जात होता, असे इतरांचे उत्तर असते. इसवी सन ४९च्या सुमारास यरुशलेमच्या परिषदेने यहुदी नसलेल्या ख्रिस्ती लोकांना चार गोष्टींपासून दूर राहायला सांगितले. त्यात शब्बाथाचा उल्लेख नाही. तो गृहीत धरला होता की वगळला होता, यावर आजही एकमत नाही.

दुसऱ्या शतकात चित्र स्पष्ट होते. इसवी सन ११२च्या सुमारास बिथुनिया प्रांताचा रोमन अधिकारी प्लिनी याने सम्राट ट्राजनला लिहिले, की हे लोक एका ठरलेल्या दिवशी पहाट होण्यापूर्वी जमतात, ख्रिस्ताला देव मानून गीत गातात, पांगतात आणि नंतर जेवणासाठी पुन्हा एकत्र येतात. सुमारे १५५मध्ये रोममध्ये जस्टिन मार्टर याने रविवारच्या उपासनेचा क्रमच लिहून ठेवला. प्रेषितांच्या आठवणी किंवा संदेष्ट्यांचे लेख वेळ असेल तोवर वाचायचे, मग प्रमुखाचा बोध, सर्वांची उभ्याने प्रार्थना, भाकरी आणि पाणी मिसळलेला द्राक्षारस, गैरहजर असलेल्यांना घरी वाटा पोचवणे आणि शेवटी अनाथ, विधवा, आजारी, कैदी आणि परदेशी पाहुणे यांच्यासाठी वर्गणी. रविवार का, याची कारणे तो दोन देतो: त्या दिवशी देवाने अंधार पालटून जग घडवले आणि त्याच दिवशी येशू मेलेल्यांतून उठला. रविवारी काम बंद ठेवावे, असे तो कुठेही म्हणत नाही.

रविवार सुट्टीचा दिवस झाला तो राजसत्तेमुळे. सम्राट कॉन्स्टंटाइनने मार्च ३२१मध्ये न्यायाधीश, शहरी लोक आणि कारागीर यांनी सूर्याच्या दिवशी काम थांबवावे, असा कायदा केला. पेरणीचा वाफसा हातचा जाऊ नये म्हणून शेतकऱ्यांना सूट होती. त्याच वर्षी जुलैमध्ये दुसरी आज्ञा निघाली आणि गुलामांना मुक्त करण्याचे कागद रविवारी करायला परवानगी मिळाली. चौथ्या शतकाच्या उत्तरार्धात लावदिकीया इथल्या धर्मसभेने एक पाऊल पुढे टाकले. ख्रिस्ती लोकांनी यहुद्यांप्रमाणे शनिवारी स्वस्थ बसू नये, त्या दिवशी काम करावे आणि जमेल तर रविवारी विसावा घ्यावा, असा नियम तिने केला. ज्या अर्थी नियम करावा लागला, त्या अर्थी शनिवार पाळणारे ख्रिस्ती तेव्हाही बरेच होते.

इथिओपियाने दोन्ही दिवस राखले. १४व्या शतकात एवोस्ताटेवोस या साधूने शनिवार आणि रविवार दोन्ही पाळण्याचा आग्रह धरला. त्याला देश सोडावा लागला आणि १३५२मध्ये आर्मेनियात त्याचा मृत्यू झाला. त्याच्या अनुयायांनी छळ सोसला, पण हेका सोडला नाही. अखेर सम्राट झारा याकोबने १४५०मध्ये देब्रे मित्माक इथे परिषद बोलावली आणि तिथे दोन्ही दिवस मान्य झाले. इथिओपियन ऑर्थोडॉक्स मंडळीत ही परंपरा आजही चालू आहे.

चार भूमिका

मध्ययुगात थॉमस अक्वायनस याने आज्ञेचे दोन भाग पाडले. देवासाठी काही वेळ राखून ठेवणे हा नैतिक भाग, तो कायमचा. सातवा दिवस हा विधीचा भाग, तो ख्रिस्तानंतर सुटला. रविवार पाळायचा तो चर्चच्या व्यवस्थेनुसार आणि ख्रिस्ती लोकांच्या रूढीनुसार, असे त्याचे मत होते. कॅथॉलिक चर्चची आजची शिकवणही साधारण याच वाटेने जाते. रविवार हा पुनरुत्थानाचा दिवस असून शब्बाथाच्या आज्ञेतला नैतिक आशय त्यात पूर्ण होतो, असे ती सांगते.

दुसरी भूमिका मार्टिन ल्यूथरची. ख्रिस्ती माणसाला कोणताही दिवस दुसऱ्यापेक्षा पवित्र नाही. पण राबणाऱ्या माणसाला विसावा हवा आणि सर्वांना मिळून देवाचे वचन ऐकायला ठरलेला दिवस हवा, म्हणून पूर्वापार चालत आलेला रविवार ठेवावा, असे त्याने १५२९च्या मोठ्या प्रश्नोत्तरीत मांडले. चर्चच्या अधिकाराने शब्बाथाच्या जागी रविवार बंधनकारक झाला, हे मत १५३०च्या आउग्सबुर्गच्या विश्वासांगीकारात चुकीचे ठरवले आहे. जॉन कॅल्विननेही दिवसाविषयीची अंधश्रद्धा नाकारली. आज्ञेचे त्याने तीन उपयोग सांगितले: माणसाने आपली कामे थांबवून देवाला आपल्यात काम करू द्यावे, मंडळीने एकत्र यावे आणि नोकरचाकरांना उसंत मिळावी.

तिसरी भूमिका इंग्लंड-स्कॉटलंडच्या प्युरिटनांची. सात दिवसांतून एक दिवस ही सृष्टीपासूनची कायमची आज्ञा आहे आणि पुनरुत्थानानंतर तो दिवस शनिवारवरून रविवारवर आला, म्हणून रविवार हाच ख्रिस्ती शब्बाथ, असे त्यांनी मांडले. १५९५मध्ये निकोलस बाउंड याच्या ग्रंथाने या मताला बळ दिले. राजा पहिल्या जेम्सने १६१८मध्ये रविवारच्या उपासनेनंतर नाच, तिरंदाजी आणि उड्यांचे खेळ यांना परवानगी देणारे फर्मान काढले. पहिल्या चार्ल्सने १६३३मध्ये ते पुन्हा काढून धर्मगुरूंना वाचून दाखवायला लावले, तेव्हा प्युरिटन खवळले. पुढे पार्लमेंटने ते जाहीरपणे जाळायला लावले. १६४६च्या वेस्टमिन्स्टर विश्वासांगीकाराने हे मत नियमात बांधले. रविवारी संसारी कामे आणि करमणूक बंद, संपूर्ण दिवस उपासनेसाठी. अपवाद दोनच: अत्यावश्यक कामे आणि दयेची कामे.

चौथी भूमिका शनिवारची. १७व्या शतकात इंग्लंडमध्ये काही बॅप्टिस्टांनी प्युरिटनांचाच युक्तिवाद शेवटास नेला. आज्ञा कायमची असेल आणि आज्ञेत सातवा दिवस लिहिला असेल, तर तो बदलायचा अधिकार कुणाला? त्यांची अमेरिकेतली पहिली मंडळी १६७१मध्ये न्यूपोर्ट इथे झाली. त्यांच्यातल्या रेचल ओक्स या बाईमुळे हा विचार १८४४मध्ये न्यू हॅम्पशायर राज्यात ॲडव्हेंटिस्टांपर्यंत पोचला. ख्रिस्त त्या वर्षी परत येईल ही अपेक्षा फोल ठरल्यावर हे लोक विखुरले. त्यांच्यातून १८६३मध्ये सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट चर्च संघटित झाले. आज त्याचे सभासद दोन कोटींहून अधिक आहेत. पुण्यात औंध परिसरातले स्पायसर विद्यापीठ याच चर्चचे.

या चौघांखेरीज, शब्बाथाची आज्ञा ख्रिस्तात पूर्ण झाली, आता कोणताही दिवस बंधनकारक नाही, असे मानणारेही अनेक प्रोटेस्टंट आहेत. ते ल्यूथरच्या जवळचे, पण दिवसाच्या परंपरेलाही ते कमी महत्त्व देतात.

वादातली तीन वचने

सर्व पक्ष नव्या करारातल्या तीन जागी येऊन अडतात. कलस्सैकरांस पत्राच्या २ऱ्या अध्यायात पौल म्हणतो, की खाणेपिणे, सण, अमावास्या किंवा शब्बाथ यांवरून कुणी तुम्हाला दोषी ठरवू नये, या गोष्टी येणाऱ्याची छाया आहेत आणि शरीर ख्रिस्ताचे आहे. दिवस बंधनकारक नाही असे मानणाऱ्यांचा हा सर्वांत भक्कम आधार. इथे वार्षिक सणांतले विसाव्याचे दिवस अभिप्रेत आहेत, साप्ताहिक शब्बाथ नव्हे, असे अनेक ॲडव्हेंटिस्ट सांगतात. सण, अमावास्या, शब्बाथ हा वार्षिक, मासिक, साप्ताहिक असाच क्रम दिसतो, हे त्यावरचे उत्तर.

रोमकरांस पत्राच्या १४व्या अध्यायात कुणी एक दिवस विशेष मानतो, कुणी सगळे सारखे मानतो, प्रत्येकाने आपल्या मनाची खात्री करून घ्यावी, असे आहे. शब्बाथाचे नाव तिथे नाही. पौल उपवासाच्या दिवसांविषयी बोलत असावा, असे दिवसाचा आग्रह धरणारे म्हणतात. पण एकमेकांना तुच्छ लेखू नका, हा त्या अध्यायाचा इशारा कोणताच पक्ष नाकारत नाही.

इब्री लोकांस पत्राचा ४था अध्याय देवाच्या लोकांसाठी शब्बाथाचा विसावा अजून राहिला आहे, असे म्हणतो. शनिवारवाले आणि प्युरिटन यात आज्ञा टिकून असल्याचा पुरावा पाहतात. इतर जण तो विसावा विश्वासाने मिळणाऱ्या तारणाचा आणि अखेरच्या काळाचा मानतात.

इतिहासाच्या बाजूनेही वाद संपलेला नाही. ॲडव्हेंटिस्ट अभ्यासक सॅम्युएल बाक्कियोक्की यांनी रोमच्या ग्रेगोरियन विद्यापीठात संशोधन करून १९७७मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. शनिवारकडून रविवारकडे झालेला बदल दुसऱ्या शतकात, यहुदीविरोधी वातावरणात, रोममधून पसरला, असे त्यांचे प्रतिपादन होते. डी. ए. कार्सन यांनी संपादित केलेल्या १९८२च्या ग्रंथात त्याला उत्तर आले. रविवारची उपासना प्रेषितांच्या काळातच सुरू झाली, पण ती शब्बाथाची बदली म्हणून नव्हे, असा त्याचा निष्कर्ष होता. तो मान्य केला तर प्युरिटनांची बाजूही कमजोर होते.

पाळायचा तर कसा

ॲडव्हेंटिस्ट घरात शब्बाथाची खरी धावपळ शुक्रवारी असते. बाजारहाट, स्वयंपाक, केरवारे, कपड्यांना इस्त्री, शाळेचा अभ्यास हे सगळे दिवस मावळायच्या आत उरकायचे. सूर्यास्ताला घरातले सगळे प्रार्थनेला बसतात. शनिवारी सकाळी आधी शब्बाथ शाळा, म्हणजे लहानथोरांचे बायबलचे वर्ग, आणि मग उपासना होते. दुपारी एकत्र जेवण, आजाऱ्यांच्या भेटी, मोकळ्या हवेत फिरणे. खरेदी-विक्री आणि नोकरीचे काम टाळले जाते. रुग्णसेवा मात्र थांबत नाही. भारतात शनिवारी येणाऱ्या परीक्षा ही ॲडव्हेंटिस्ट विद्यार्थ्यांची नेहमीची अडचण.

कॅथॉलिकांना रविवारी मिस्साला हजर राहणे बंधनकारक आहे. शनिवारच्या संध्याकाळची मिस्साही त्यासाठी चालते. उपासना, दिवसाचा आनंद आणि शरीर-मनाची विश्रांती यांत अडथळा आणणारी कामे टाळावीत, असे १९८३ची धर्मसंहिता सांगते. कामांची यादी ती देत नाही. घरची निकड किंवा समाजाची मोठी सेवा असेल तर सूट मिळते. दुसऱ्यांचा रविवार हिरावला जाईल अशी विनाकारण मागणी त्यांच्याकडे करू नये, असेही कॅथॉलिक प्रश्नोत्तरी बजावते.

कडक रविवार आता थोड्या ठिकाणी उरला आहे. स्कॉटलंडच्या लुइस बेटावर रविवारचे पहिले विमान २००२मध्ये उतरले आणि स्टोर्नोवेहून रविवारची बोट २००९मध्ये सुटली. दोन्ही वेळा स्थानिक मंडळींनी विरोध केला. याच वळणाचा माणूस म्हणजे एरिक लिडेल. १९२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये १०० मीटरची प्राथमिक फेरी रविवारी असल्याने तो धावलाच नाही. त्याऐवजी ४०० मीटरमध्ये उतरून त्याने ४७.६ सेकंदांत सुवर्णपदक मिळवले. पुढे तो मिशनरी म्हणून चीनला गेला.

महाराष्ट्राला शब्बाथाची ओळख ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या पुष्कळ आधीपासून होती. कोकणात तेलघाणे चालवणारे बेने इस्राएल यहुदी शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून त्यांना शनिवार तेली हे नाव पडले. रविवारच्या सुट्टीची कथा निराळी. इंग्रजी कचेऱ्या रविवारी बंद असत, पण मुंबईच्या गिरण्या चालू असत. सत्यशोधक चळवळीतले नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४मध्ये गिरणी कामगारांची सभा घेऊन साप्ताहिक सुट्टीची मागणी केली आणि १८९०मध्ये मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. त्या कामगारांपैकी बहुतेकांना रविवार ठाऊक होता तो खंडोबाचा वार म्हणून. दास-दासींच्या विसाव्याचा जो हेतू अनुवादात आहे, तो इथे कामगार चळवळीच्या मार्गाने साध्य झाला.

वसई आणि गोव्यातून आखातात कामाला गेलेल्या ख्रिस्ती लोकांनी आणखी एक तडजोड केली आहे. ज्या देशांत साप्ताहिक सुट्टी शुक्रवारी असते तिथे चर्चमधली मोठी गर्दीही शुक्रवारीच होते, कारण रविवारी ड्यूटी असते. पहिल्या तीन शतकांतले ख्रिस्तीही कामाच्या दिवशी पहाटे किंवा रात्रीच जमत होते.

पाळीची नोकरी करणाऱ्यांचा प्रश्न आता न्यायालयातही पोचला आहे. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातले टपाल कर्मचारी जेराल्ड ग्रॉफ यांनी रविवारी पार्सले पोचवायला नकार दिला आणि त्यांना नोकरी सोडावी लागली. जून २०२३मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने ठरवले, की धंद्यावर भरीव बोजा पडेल हे दाखवल्याशिवाय मालकाला अशी धार्मिक सवलत नाकारता येणार नाही. सहकाऱ्यांवर पडणारा भारही, धंद्यावर परिणाम करण्याइतका असेल तर, त्या हिशेबात येतो.

वार कोणता, यावर एकमत होण्याची चिन्हे नाहीत. आज्ञा सृष्टीपासूनची आणि दिवसासकट कायमची मानली तर शनिवार. आज्ञा कायमची, पण दिवस बदलण्याजोगा मानला तर रविवार, शब्बाथ म्हणून. आज्ञा इस्राएलपुरती मानली तरी रविवार, पण उपासनेच्या सोयीचा आणि परंपरेचा दिवस म्हणून. पाळण्याच्या बाबतीत मात्र या भूमिकांत बरेच साम्य आहे: ठरलेल्या दिवशी मंडळीसोबत उपासना, पोटापाण्याच्या कामाला शक्य तेवढा विराम, आणि रुग्णसेवा, मदत, निकडीची कामे यांना मोकळीक. आणखी एका गोष्टीवर अनुवादाचे पुस्तक, कॅल्विन आणि कॅथॉलिक प्रश्नोत्तरी एकाच सुरात बोलतात. घरकामाची बाई, ड्रायव्हर, हॉटेलातला पोऱ्या, पार्सल पोचवणारा मुलगा यांनाही आठवड्यातून एक मोकळा दिवस मिळतो का, हे पाहण्याची जबाबदारी ज्याच्या हाती त्यांचे काम असते त्याची आहे. वार कोणताही मानला तरी ही जबाबदारी टळत नाही.